सांधेवाल्याच्या हातातली किल्ली

बालाघाटच्या जुन्या नॅरोगेज यार्डाचं मॉडेल आम्ही काही हौशी मंडळी उभं करतो आहोत. त्यातले सांधे डिजिटल पद्धतीने फिरणार, हे कळल्यापासून एक आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकू येतो. आक्षेप घेणारे परके नाहीत. त्यांतले एक ज्येष्ठ स्नेही कित्येक वर्षं या भागातल्या गाड्यांची मॉडेलं स्वतःच्या हाताने घडवत आले आहेत. पितळी पत्र्यातून डब्याची खिडकी कशी काढावी हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांचं म्हणणं असं: बालाघाटहून नैनपूरला जाणाऱ्या सातपुड्याच्या या मार्गावर सांधा माणूस फिरवत होता. भर उन्हात किंवा पावसात, रात्री कंदील घेऊन सांधेवाला यार्डात जायचा आणि अंगाची ताकद लावून लिव्हर ओढायचा. त्याच्या जागी टेबलाखाली मोटार आणि टेबलावर बटण आलं की त्या माणसाचे कष्टच मॉडेलमधून पुसले जातात. शिवाय हा प्रकार महाग, नाजूक आणि मुलांच्या हातचं काम काढून घेणारा. तेव्हा तारेने ओढायचे साधे हातलिव्हर लावावेत आणि डिजिटलचा नाद सोडावा.

या म्हणण्यामागे सांधेवाल्याबद्दलचा आदर आहे. तो माझ्याही मनात आहे, म्हणूनच उत्तर देणं मला भाग आहे. कारण ही मांडणी नेमकी सांधेवाल्याच्याच बाबतीत चुकते. ती त्याचे दंड पाहते, त्याची जबाबदारी पाहत नाही.

सांधा म्हणजे काय ते आधी जवळून पाहू. बाहेरचे दोन रूळ जागच्या जागी ठाम असतात. त्यांच्या आत निमुळते होत गेलेले दोन रूळ असतात, त्यांना रेल्वेची माणसं टंग रेल म्हणतात. ते दोन्ही एका आडव्या पट्टीने जोडलेले असतात. पट्टी सरकली की एक टंग रेल बाहेरच्या रुळाला जाऊन चिकटते आणि दुसरी सुटते. गाडी सरळ जाणार की वळणार हे एवढ्यावर ठरतं. आता चिकटायची ती टंग रेल पुरती चिकटलीच नाही, मध्ये फट राहिली, तर समोरून आलेल्या चाकाची कड त्या फटीत शिरते आणि गाडी रूळ सोडते. भारतीय रेल्वेत मोटारीच्या सांध्याची चाचणी घेताना टंग रेलच्या टोकाजवळ ५ मिलिमीटर जाडीची पट्टी मध्ये धरतात. ती पट्टी असताना सांध्याला कुलूप बसता कामा नये, आणि सांधा बसला असा संकेतही मिळता कामा नये. एवढ्या अवजड लोखंडी व्यवहारात ५ मिलिमीटरचा हिशेब ठेवला जातो, यातच सांध्याचं सारं गांभीर्य आलं.

हाताने फिरवायच्या सांध्यालाही हा हिशेब चुकलेला नव्हता. छोट्या स्टेशनांवर अशा सांध्याला किल्लीचं कुलूप असे. सांधा हव्या त्या बाजूला नीट बसवून कुलूप लावलं, तरच किल्ली बाहेर निघे. ती किल्ली स्टेशन मास्तरच्या ताब्यात जाई. जिथे इंटरलॉकिंगची, म्हणजे सांधा आणि सिग्नल एकमेकांत गुंतवण्याची, अगदी प्राथमिक सोय होती, तिथे त्याच किल्लीने सिग्नलचा लिव्हर मोकळा होई, आणि सिग्नल पाडलेला असेपर्यंत किल्ली तिथेच अडकून राही. म्हणजे गाडीला ‘ये’ म्हटल्यावर तिच्या पायाखालचा सांधा उघडायला कोणाकडे किल्लीच नसे. सांधेवाल्याकडेही नसे, मास्तरकडेही नसे. लिव्हर ओढणं हा त्या माणसाच्या कामाचा दिसणारा भाग होता. न दिसणारा आणि खरा भाग हा की लिव्हर केव्हा ओढायचा नाही हे ठरलेलं होतं, आणि ते त्याच्या मर्जीवर किंवा आठवणीवर सोडलेलं नव्हतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. सुरुवातीच्या काळात सांधे एकाच्या हाती, सिग्नल दुसऱ्याच्या हाती असा कारभार होता आणि त्याचे परिणाम प्रवाशांनी भोगले. इंग्लंडात जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवण्याचं पेटंट १८५६ साली घेतलं. तरी खर्चाचं कारण सांगून कंपन्या चालढकल करत राहिल्या. १८८९ च्या जूनमध्ये आयर्लंडमधल्या आर्मा इथे सहलीला निघालेल्या मुलांच्या गाडीला भीषण अपघात झाला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचं झालं. ‘माणूस अनुभवी आहे, तो चुकणार नाही’ हा युक्तिवाद रेल्वेने मुलांचे मृतदेह मोजून सोडला आहे. मॉडेलच्या टेबलावर तो पुन्हा आदराच्या नावाखाली आणू नये.

आता सुचवलेला हातलिव्हर पाहा. टेबलाच्या कडेला एक गोल मूठ, तिच्यातून निघालेली तार नळीतून सांध्याच्या पट्टीपर्यंत जाते. मूठ ओढली की सांधा फिरतो. गाडी सांध्यावर उभी असली तरी फिरतो. सिग्नल हिरवा असला तरी फिरतो. पट्टीपाशी खडीचा कण अडकून टंग रेल अर्धवट राहिली तरी मूठ मात्र पूर्ण बाहेर आलेली असते, आणि ओढणाऱ्याला वाटतं की काम झालं. या मुठीत कुलूप नाही, किल्ली नाही, मास्तर नाही. या मार्गावरच्या चारेगाव किंवा लामटा स्टेशनच्या सांधेवाल्याला असा मोकाट लिव्हर कोणी दिला असता, तर त्याने तो हातात धरला नसता. मग त्याच्या स्मरणार्थ आपण तोच का लावावा?

डिजिटल सांध्याचं मोल इथे आहे. खुर्चीतून न उठता बटण दाबता येतं, हे त्याचं कौतुक मला कधीच पटलेलं नाही. आज्ञा आणि सांधा यांच्यामध्ये एक अट उभी करता येते, म्हणून तो हवा.

आमच्या मांडणीत ती अट कशी उभी राहते ते सांगतो. प्रत्येक सांध्याखाली एक छोटी सर्वो मोटार आहे, खेळण्यातल्या विमानांत पंख हलवायला वापरतात तीच. तिच्या बाहूतून ०.८ मिलिमीटरची पोलादी तार प्लायवूडच्या भोकातून वर येऊन सांध्याच्या पट्टीत अडकते. तयार मिळणाऱ्या सांध्यात पट्टीला झटका देणारी एक बारीक स्प्रिंग असते, ती आम्ही काढून टाकली, कारण आम्हाला टंग रेल खऱ्यासारखी सावकाश सरकायला हवी आहे. सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद जातो. स्पंद साधारण १ मिलिसेकंदाचा असेल तर बाहू एका टोकाला, २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या टोकाला. पट्टीला तर जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरच सरकायचं असतं. त्यामुळे प्रत्येक सांध्यासाठी दोन्ही टोकांचे आकडे बसून जुळवावे लागतात, आणि टंग रेल रुळाला टेकल्यावर तार किंचित वाकलेली राहील एवढा दाब ठेवावा लागतो. हे काम हाताचंच आहे. वाकून, टॉर्च लावून, कागदाची पट्टी फटीत सरकवून पाहत करावं लागतं. ‘डिजिटल आलं की हातकौशल्य गेलं’ असं म्हणणाऱ्यांनी एक सांधा तरी असा लावून पाहावा.

खरा प्रश्न यानंतरचा. सर्वोला सांगितलं ‘फीर’. सांधा फिरला का? सर्वोच्या बाहूवर स्विच बसवला तर तो ‘हो, फिरला’ म्हणेल. पण मधली तार तुटली असेल, पट्टीतून निसटली असेल, तर बाहू फिरेल आणि टंग रेल जागची हलणार नाही. म्हणून आमचा मायक्रोस्विच बाहूवर नाही. पट्टीचं दुसरं टोक बाहेर येतं तिथे तो बसवला आहे, आणि टंग रेल खरोखर पोहोचली तरच तो दबतो. सांध्याची साक्ष सांध्याकडूनच घ्यायची, मोटारीकडून नाही. ती साक्ष मिळेपर्यंत नियंत्रण फलकावरचा दिवा लुकलुकत राहतो आणि सिग्नल लाल राहतो. पाहायला आलेल्यांसमोर आम्ही मुद्दाम तार काढून ठेवतो आणि बटण दाबतो. खालून मोटारीचा आवाज येतो, वर काहीच हलत नाही, दिवा लुकलुकतो, आणि सिग्नलला कितीही विनवलं तरी तो हिरवा होत नाही. इंटरलॉकिंग म्हणजे काय हे त्या अर्ध्या मिनिटात जेवढं कळतं तेवढं तासभराच्या व्याख्यानात कळत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणं योग्य नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूप लाइनला लागलेला होता. गाडी लूपमध्ये शिरून उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. ‘एवढी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असून हे झालं, मग विश्वास कशावर ठेवायचा?’ असं मला विचारलं गेलं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेल्या फेरबदलांत. सांधा, क्रॉसओव्हर क्रमांक १७ अ/ब, प्रत्यक्षात एका बाजूला होता आणि सिग्नल देणाऱ्या यंत्रणेपुढे चित्र वेगळं होतं. यंत्रणेने मिळालेल्या साक्षीवर निर्णय दिला, आणि साक्षच खोटी निघाली. यातून ‘कुलूप काढून टाका, मोकळ्या हातावर या’ असा निष्कर्ष कसा निघतो? निष्कर्ष एकच निघतो: सांध्याची खबर ज्या तारेतून येते ती तार सांध्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिला हात लावल्यावर प्रत्येक जोडणी पुन्हा तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आमच्या टेबलाखाली प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी आहे. एखादी तार सोडून परत जोडली की त्या सांध्याची संपूर्ण चाचणी पुन्हा होते, मग बाहेर पाहुणे ताटकळत का असेनात. ज्या मुलाने हे टेबलाखाली झोपून केलं आहे त्याला बहानगा बाजारची बातमी वेगळी समजते.

इथे मला डिजिटलच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही भांडायचं आहे, कारण हातलिव्हरवाल्यांचा राग बऱ्याच अंशी त्यांनी ओढवून घेतला आहे. बाजारात आज जी प्रचलित पद्धत आहे तिला डीसीसी म्हणतात. जर्मनीतल्या बर्न्ड लेन्झ यांच्या कामातून ती आली आणि अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिचं मानक केलं. रुळांत कायम वीज खेळती असते आणि तिच्याच दिशाबदलांत संदेश गुंफलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा स्पंद म्हणजे एक, १०० किंवा त्याहून लांबलेला म्हणजे शून्य. सांध्यांसाठी दोन हजारांहून जास्त पत्ते उपलब्ध असतात. रचना सुरेख आहे. पण मूळ डीसीसीमध्ये सांध्याला आज्ञा जाते आणि पोच येत नाही. मोबाइलवर बोट टेकवलं, पडद्यावर सांध्याचं चित्र वळलं, की वापरणारा समजतो सांधा वळला. चित्र त्याच्या बोटाने वळवलेलं असतं, टंग रेलने नाही. अशा मांडणीचे फोटो टाकून ‘माझं यार्ड पूर्ण डिजिटल’ म्हणणाऱ्यांनी काहीही मिळवलेलं नाही. ती मूठच आहे, फक्त तिची तार लांब झाली. पोच हवी असेल तर तिच्यासाठी वेगळी वाट करावी लागते, आणि ती वाट केलेली नसेल तर त्या मांडणीपेक्षा हातलिव्हर बरा, कारण निदान ओढताना हाताला अडथळा जाणवतो. आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपातला एवढा भाग मला पूर्ण मान्य आहे.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. सांध्यांना वीज रुळांतूनच दिली तर एक विचित्र कोंडी होते. चुकीच्या लागलेल्या सांध्यावर गाडी मागून शिरली की सांध्याच्या क्रॉसिंगवर, म्हणजे जिथे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, विजेचे दोन ध्रुव चाकाने जोडले जातात, शॉर्ट होतो आणि रुळांची वीज तुटते. आता सांधा नीट लावला तर शॉर्ट सुटेल. पण सांधा लावायची आज्ञा आणि वीज त्याच रुळांतून जायची, जे आता मेलेले आहेत. शेवटी हाताने गाडी उचलावी लागते. उपाय साधा आहे: सांध्यांची वीज आणि त्यांच्या आज्ञा रुळांपासून वेगळ्या ठेवायच्या. आम्ही इंजिनं डीसीसीवर ठेवली आणि सांधे, सिग्नल, मायक्रोस्विच हे सगळं एका स्वतंत्र जोडणीवर. खऱ्या रेल्वेतही सांध्याच्या मोटारीची वीज रुळांतून येत नाही, ती वेगळ्या तारेने येते.

खर्चाबद्दल बोलताना आक्षेप घेणारे परदेशी कंपन्यांच्या किमती समोर ठेवतात. परदेशातून मागवलेली सांध्याची तयार मोटार, तिचा डीकोडर, वर टपाल आणि सीमाशुल्क असा हिशेब केला तर बालाघाटच्याच काय, पुण्या-मुंबईच्या माणसालाही तो जड जाईल. पण सर्वो दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी छोटी पाटी, आणि सोळा सर्वो सांभाळणारी एक पाटी असली की छोटं यार्ड भागतं. हे सगळं नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, आणि गाडीने सकाळी जाऊन रात्री घरी परतता येतं. संगणकावरचा फलक मांडायला जेएमआरआय नावाची प्रणाली आहे, ती जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली आणि विनामूल्य आहे. आमच्या मांडणीत सर्वांत जास्त पैसे रुळांना लागले, आणि ते हातलिव्हर लावले असते तरी लागलेच असते.

रुळांवरून एक अवांतर, पण सांगायला हवं. आमच्या नॅरोगेजची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. १:८७ या प्रमाणात ती ८.७६ मिलिमीटर येते आणि बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ चपखल बसतो. भारतीय ब्रॉडगेजचं तसं नाही. १६७६ मिलिमीटरचे त्याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडे जास्त होतात, आणि मिळतो तो १६.५ मिलिमीटरचा रूळ, कारण जगातले बहुतेक कारखाने युरोप-अमेरिकेच्या गेजवर चालतात. म्हणून बालाघाटच्या यार्डात नॅरोगेजची बाजू प्रमाणात खरी आहे आणि ब्रॉडगेजची बाजू अंगाने सडपातळ. आम्हाला हे यार्ड याच अवस्थेत हवं होतं: गोंदियाकडून ब्रॉडगेज येऊन थांबलेलं, आणि समोर समनापूर, चारेगाव, लामटा करत नैनपूरकडे जाणारी छोटी गाडी उभी. बंगाल नागपूर रेल्वेने गेल्या शतकाच्या आरंभी टाकलेल्या या मार्गावर २०१५ पर्यंत बालाघाटला उतरून गाडी बदलावी लागायची. बोचकी, पोरं, तांदळाची पोती घेऊन माणसं एका फलाटावरून दुसऱ्याकडे जायची. ते चित्र ज्यांनी पाहिलं त्यांना गेजच्या पावणेतीन मिलिमीटरची तडजोड खटकणार नाही.

नाजूकपणाचा आक्षेप अर्धा खरा आहे. बालाघाटची हवा पावसाळ्यात ओली, उन्हाळ्यात धुळीची. स्वस्त सर्वो वीज सुरू होताच थरथरते आणि कधी कधी भलत्याच बाजूला झेप घेते. पण हे दोष माहीत असलेले आहेत आणि त्यांचे इलाजही. आज्ञेच्या तारेवर एक रोधक बसवला, आणि सांधा जागेवर पोहोचल्यावर स्पंद थांबवला, की थरथर जाते. गियरच सांध्याला धरून ठेवतात. वीज गेली तर सांधा जिथे आहे तिथे राहतो. याउलट जुन्या धाटणीच्या दोन वेटोळ्यांच्या मोटारी पाहा. बटण क्षणभर जास्त दाबलं गेलं की वेटोळं जळतं, आणि ‘फाट्’ असा आवाज करून टंग रेल आपटते. मी दोन्ही वापरल्या आहेत. आता पर्याय असताना मी सांध्याखाली वेटोळं बसवणार नाही. मोटार बिघडली तर दोन स्क्रू काढून दुसरी लावायची. नळीतली तार गंजली तर टेबलाखालची अख्खी नळी काढावी लागते.

राहिला ‘हे आपल्या छंदाचं वळण नव्हे’ हा सूर. तो इतिहासाच्या उलट आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांनी मॉडेल रेल्वेचा क्लब काढला. त्यात दोन तऱ्हेची मुलं होती: काहींना इमारती, डोंगर, डबे रंगवण्यात रस होता, काहींना टेबलाखालच्या तारांत. टेबलाखालच्या मुलांनी टेलिफोन एक्सचेंजमधले रिले आणून सांधे आणि गाड्यांचं नियंत्रण बांधलं, आणि तिथल्या संगणकांशी पहिल्यांदा मनसोक्त खेळणाऱ्यांत हीच मुलं पुढे होती. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवात याच क्लबापासून होते. त्याच एमआयटीत क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवलं होतं की रिलेच्या जोडण्या म्हणजे तर्काचीच समीकरणं आहेत. ‘हा सांधा असा आणि तो सांधा तसा असेल, तरच सिग्नल’ हे वाक्य सॅक्सबीच्या काळात लोखंडी पट्ट्यांत लिहिलं जायचं, मग रिलेत लिहिलं गेलं, आता आर्डुइनोत लिहितात. वाक्य तेच आहे.

इतक्या लांब जायलाही नको. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या वेडातून उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या मोठ्या मांडणीवर गाड्या, सिग्नल, फाटक हे सगळं नियंत्रण फलकावरून एकमेकांशी जुळवून चालतं. पोरं तिथे काचेला नाक लावून बसतात, आणि ती गाडीइतकीच सिग्नलकडे बघतात. भाऊंनी हातकौशल्य सोडलं असं त्या मांडणीसमोर उभं राहून कोणी म्हणू शकणार नाही. जी पिढी इंजिनं हाताने घडवत होती तिनेच नियंत्रणाची यंत्रणाही घडवली. हे दोन्ही एकाच माणसाला आवडू शकतं, यात विरोध आपण का निर्माण करतो?

मुलांच्या हातचं काम जातं, हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण मॉडेल आम्ही मुलांसाठीच करतो आहोत. मूठ ओढायला लहान मुलाला गंमत वाटते, खरं आहे. पण ती गंमत दहा मिनिटांची. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही फलकासमोर बसवतो आणि एक काम देतो: गोंदियाची गाडी आली आहे, नैनपूरची गाडी निघायची आहे, मध्ये मालगाडीचं शंटिंग करायचं आहे. पहिल्यांदा मुलं वाटेल ती बटणं दाबतात आणि काहीच होत नाही. लाल दिवा. मग विचारतात, का नाही होत? तेव्हा सांगायचं: तुझ्या मालगाडीचं शेवटचं चाक अजून त्या सांध्यावर आहे. मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या चाकांवर १० किलोओहमचा रोधक चिकटवलेला असतो, तो रुळातून इवलासा प्रवाह ओढतो, म्हणून फलकाला कळतं की डबा तिथे आहे. मूल उठून वाकून डबा बघतं, परत येऊन मालगाडी दोन बोटं पुढे घेतं, आणि सांधा मोकळा होतो. ‘का नाही होत’ हा प्रश्न मोकाट मुठीने कधीच विचारायला लावला नसता, कारण तिथे सगळंच होतं, आणि मग गाडी पडते.

स्नेह्यांना मी एक गोष्ट सुचवली आहे आणि इथेही लिहून ठेवतो. त्यांना हाताने ओढायचा लिव्हर हवाच असेल तर तो जरूर असावा, आणि तो त्यांनीच करावा, त्यांच्याइतका देखणा कोणाला जमणार नाही. पितळी, खऱ्यासारख्या खटक्याच्या मुठीचा, टेबलाच्या कडेला ओळीने. फक्त तो सांध्याला तारेने बांधायचा नाही. लिव्हरच्या पायथ्याशी एक स्विच आणि एक छोटी खुंटी असेल. रूळ मोकळा असेल आणि विरुद्ध सिग्नल लाल असेल तरच खुंटी मागे सरकेल आणि लिव्हर हलेल. आणि टंग रेल पोहोचल्याची खबर आली तरच शेजारचा सिग्नलचा लिव्हर सुटेल. अट तपासणारं यंत्र तेच राहील, टेबलाखालचं. मापं मी त्यांना दिली आहेत: दोन लिव्हरमधलं अंतर ३० मिलिमीटर, खुंटीला ४ मिलिमीटरचं भोक. पितळेचा पत्रा त्यांच्याकडे आहेच.